पांढरी मुळं

माळशेज घाट चढण्याआधी ट्रकवाले टोकावड्याच्या आसपास एकदा थांबतातच. टायर ठोकून बघतात, रेडिएटरमध्ये पाणी घालतात, चहा घेतात. त्यामुळं कल्याण-नगर रस्त्याच्या या टप्प्यावर गॅरेजं टिकून आहेत. त्यातल्या एका गॅरेजचं अंगण मी गेली काही वर्षं जाता-येता बघते आहे. पत्र्याची शेड, पुढं आठ-दहा पावलांची मोकळी जागा, आणि ती सगळी काळी. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल थोडं डब्यात जातं, थोडं जमिनीत. डब्यातलं लोक मागून नेतात आणि वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना फासतात. जमिनीतलं तिथंच राहतं.

मृगाचा पाऊस पडला की या अंगणाचं दुखणं उघडं पडतं. शेजारच्या खाचराची माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते. अंगणातली माती पाणी घेतच नाही. थेंब तिच्यावर अळवाच्या पानावर राहावेत तसे गोल राहतात, मग एकमेकांत मिसळून रंगीत तवंगासकट रस्त्याकडेच्या चरात उतरतात. चर ओढ्याला मिळतो, ओढा काळूला, काळू उल्हासला, आणि उल्हास वसईच्या खाडीला.

अंगणाच्या कडेनं मात्र हरळी आत शिरली आहे. काळ्या मातीवर तिचे ताणे दरवर्षी वीतभर पुढं सरकतात.

"तिला काय व्हत नाय, ताई," मिस्त्री म्हणाले. "वरून गाडी गेली तरी येते, ऑइल सांडलं तरी येते."

मी एक ताणा ओढून बघितला. मूळ तुटून चार बोटांचा तुकडा हातात आला. त्याला चिकटलेली माती काळी, तेलकट होती. अंगठ्यानं ती पुसली तर आतलं मूळ फिकट निघालं, जवळजवळ पांढरं. ते बघून मला कुवेतची मुळं आठवली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आपल्याकडं तो काळ लक्षात आहे तो विमानांमुळं. एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून अम्मानहून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मुंबईत आणले. कोकणातल्या कितीतरी घरांतला कोणी ना कोणी तेव्हा आखातात होता. माणसं घरी आली आणि आपल्या लेखी ती गोष्ट संपली. वाळवंटात ती पुढं चालू राहिली. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेताना इराकी सैन्यानं सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. ज्या तेलानं पेट घेतला नाही, ते खोलगट जागी साचून शेकडो तळी झाली. ऊन त्यातलं हलकं तेल उडवून नेत होतं आणि खाली डांबरासारखा थर उरत होता.

या तळ्यांच्या कडेला, जिथं वाळूत तेल होतं पण अगदी चिखल झालेला नव्हता, तिथं काही काळानं रानटी रोपटी उगवायला लागली. कुवेत विद्यापीठातले समीर रदवान आणि त्यांचे सहकारी ती बघायला गेले. त्यातलं एक सेनेसिओ ग्लॉकस, पिवळ्या फुलांचं, झेंडू आणि सूर्यफुलाच्या कुळातलं बारीक रोपटं. ते उपटलं तेव्हा भोवतीची वाळू तेलानं मळलेली होती आणि मुळं मात्र पांढरी, स्वच्छ. मुळांना लगटून असलेली वाळू प्रयोगशाळेत तपासली, तर तिच्यात तेल खाणारे जीवाणू लांबच्या वाळूपेक्षा कितीतरी जास्त सापडले. १९९५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं. मजकूर थोडका होता. त्यात सुचवलेलं होतं ते एवढंच, की अशा जमिनीत अशी झाडं दाट लावली तर ती जमीन साफ करायला मदत करतील.

माझ्या हातातल्या हरळीच्या मुळानं काही सिद्ध होत नव्हतं. निरोगी मूळ पांढरंच असतं. पण तेलकट मातीत निरोगी मूळ असावं, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. ती समजायला माणसाला जवळजवळ एक शतक लागलं.

सुरुवात जर्मनीत झाली. लोरेंझ हिल्टनर हा शेतीचा अभ्यासक कडधान्यांच्या मुळांवर काम करत होता. १९०४ मध्ये त्यानं मांडलं की मुळाच्या अगदी जवळची माती आणि चार बोटं लांबची माती यांत फार फरक असतो. जवळच्या मातीत जिवांची दाटी असते, आणि ती दाटी मुळामुळंच असते. मातीच्या या पातळ वेष्टनाला त्यानं 'रायझोस्फिअर' नाव दिलं. मुळाचा शेजार, असं मी त्याला म्हणेन. झाड उन्हात जी साखर कमावतं, तिचा बराच वाटा ते मुळांवाटे मातीत सोडतं. साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं, झडलेल्या मुळांच्या साली, असा हा सगळा शिधा असतो. त्यावर जीवाणू आणि बुरशी जगतात, वाढतात, आणि त्याच जागी दुसरं काही खाण्यासारखं असलं तर त्याकडंही वळतात.

खनिज तेल हे खाण्यासारखंच आहे, हेही हळूहळू कळत गेलं. कॅलिफोर्नियात ला हॉया इथल्या स्क्रिप्स संस्थेत क्लॉड झोबेल समुद्रातल्या जीवाणूंचा अभ्यास करत होता. १९४६ मध्ये त्यानं तोवरचं सगळं काम एकत्र करून दाखवून दिलं की तेल पचवणारे जीव दुर्मीळ नाहीत. शेतात, चिखलात, समुद्रात, जिथं बघावं तिथं ते थोडेफार असतातच. तेल म्हणजे शेवटी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांचंच गाळात दबून राहिलेलं रूप. त्यातला कर्ब मोडून ऊर्जा मिळवायची युक्ती निसर्गात आधीपासूनच होती.

मग माणसाला घाई झाली. बंगालमधल्या सैंथिया गावात जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तेलातले वेगवेगळे घटक पचवणारे गुण वेगवेगळ्या जीवाणूंमधून घेऊन त्यांनी ते एकाच स्यूडोमोनास जीवाणूत आणले आणि १९७२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सजीवावर मालकी मिळू शकते का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूनं लागला. त्या निकालानं जैवतंत्रज्ञानाच्या धंद्याला मोठं बळ दिलं. तो जीवाणू मात्र प्रत्यक्ष समुद्रात किंवा शेतात सोडला गेला नाही. मला या गोष्टीचं फार वाटतं. चक्रवर्तींच्या बुद्धीबद्दल आदर आहे, पण एका बाटलीतल्या एका जिवानं तेल संपवावं ही अपेक्षा मातीची रीत ओळखून केलेली नव्हती. मातीत एकटं कोणीच काम करत नाही.

हे अलास्कानं दाखवलं. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन वाल्डेझ जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे ३७ हजार टन कच्चं तेल प्रिन्स विल्यम साउंडच्या किनाऱ्यांवर पसरलं. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी दगडगोट्यांवर खत फवारून बघितलं. नवे जीवाणू आणले नाहीत, होते त्यांनाच नत्र आणि स्फुरद दिलं. पंधरवड्यात फवारलेले चौकोन आजूबाजूच्या काळ्या किनाऱ्यात उजळ दिसायला लागले. कारण शेतकऱ्याला चटकन कळेल असं आहे. न कुजलेलं काड शेतात गाडलं की पीक पिवळं पडतं, कारण ते कुजवणारे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात. तेलात कर्बच कर्ब असतो, नत्र जवळपास नसतंच. खाणाऱ्यांसमोर भात भरपूर आणि आमटीचा थेंब नाही, अशी ती पंगत.

मुळाचा शेजार, तेल खाणारे जीव आणि त्यांची नत्राची भूक हे तीन धागे एकत्र आले ते गवतामुळं. अमेरिकेतल्या उटा राज्यातल्या विद्यापीठात एप्रिल आणि सिम्स या दोघा संशोधकांनी प्रेअरीतल्या आठ जातींच्या गवतांचं मिश्रण घेतलं. प्रेअरी म्हणजे तिकडची गवताळ मैदानं, जिथं गवताची मुळं पुरुषभर खोल जातात. त्यांनी माती डांबरातल्या चार चिवट, कर्करोग देणाऱ्या रसायनांनी मुद्दाम दूषित केली, काही कुंड्यांत गवत लावलं, काही उघड्या ठेवल्या. २१९ दिवसांनी गवताच्या कुंड्यांतली रसायनं उघड्या कुंड्यांपेक्षा जास्त घटली होती. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास 'फायटोरेमिडिएशन' हा शब्द रुळला. ग्रीक 'फायटो' म्हणजे झाड, लॅटिन 'रेमेडियम' म्हणजे उपाय. मराठीत झाडांचं औषध म्हटलं की आपण काढा समजतो. इथं रोगी माती आहे.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो व्हर्जिनियातल्या क्रेनी आयलंडवरचा प्रयोग. तिथं अमेरिकन नौदलाचा इंधनाचा मोठा साठा आहे. नव्वदच्या दशकात तिथल्या डिझेलनं खराब झालेल्या मातीत वाफे पाडून एकात पांढरा क्लोव्हर, एकात फेस्क्यू गवत, एकात बर्म्युडा गवत लावलं आणि एक वाफा मोकळा ठेवला. दोन वर्षांनी मोजलं. क्लोव्हरच्या वाफ्यात तेल ५० टक्के घटलं होतं, फेस्क्यूच्या ४५ टक्के, बर्म्युडाच्या ४० टक्के. मोकळ्या वाफ्यातही ते ३१ टक्के कमी झालं होतं. म्हणजे माती आपल्या परीनं काम करतच असते. गवत तिला हात देतं, आणि तो हात नऊ ते एकोणीस टक्क्यांचा असतो. हे आकडे नीट बघावेत, कारण झाडं लावली की जादू होते असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. मिस्त्रींच्या अंगणात ताणे टाकणारी तीच ती.

आपल्याकडं तेल आलं मुंबईच्या वाटेनं. माहूल-तुर्भ्याच्या बाजूला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी 'सागर सम्राट' या तरंगत्या मनोऱ्याला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं. पुढं ते तेल समुद्राखालच्या नळानं उरणला यायला लागलं. १९९८ मध्ये माहूलपासून मनमाडपर्यंत २५२ किलोमीटरची इंधनवाहिनी झाली, ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतून सह्याद्री ओलांडणारी. उलट दिशेनं पाणी जातं. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, मुंबई ज्या पाण्यावर जगते त्यातलं बहुतेक पाणी शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतलं. मुंबईकडून तेल वर चढतं, आमच्याकडून पाणी खाली उतरतं. दोन्हींची वाट एकाच मातीतून जाते. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या गॅरेजचं काळं अंगण मला क्षुल्लक वाटत नाही, ते यासाठी.

पण महाराष्ट्रानं तेलाचा घाव उघड्या डोळ्यांनी बघितला तो २०१० मध्ये. ७ ऑगस्ट, शनिवारची सकाळ. 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज जेएनपीटी बंदरातून बाहेर पडत होतं, 'खलिजिया-३' आत येत होतं. मुंबई बंदराच्या तोंडाशी दोघांची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, त्याच्यावरचे कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे पाण्यात पडायला लागले. जहाजावर १,२१९ कंटेनर होते, त्यातल्या ३१ मध्ये कीटकनाशकं. टाक्यांत २,६६२ टन इंधन तेल होतं, त्यातलं सुमारे ८०० टन समुद्रात गेलं. मुंबई आणि जेएनपीटी ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद राहिली. मेक्सिकोच्या आखातातली मोठी गळती त्याच वर्षी एप्रिलपासून सगळं जग दूरदर्शनवर बघत होतं. आता तसलंच काळं पाणी उरणला, घारापुरीला, अलिबागच्या किनाऱ्यांना लागलं.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी २४ ऑगस्टला होती. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या रंगवून, जाळी दुरुस्त करून कोळीवाडे तयार होत होते. नेमक्या त्या दिवसांत समुद्रावर तवंग आला आणि बाजारात लोक मासळीला हात लावेनात.

माणसांचं नुकसान मोजता तरी आलं. तिवराचं दुखणं वेगळं. तिवर खाडीच्या चिखलात उभा असतो, आणि त्या चिखलात प्राणवायू नसतो. म्हणून तो जमिनीतून पेन्सिलीएवढी हजारो मुळं वर काढतो आणि ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. भरतीबरोबर आलेलं जाड इंधन तेल नेमकं या मुळांवर बसतं. छिद्रं बुजली की झाड गुदमरतं. पानं लगेच गळत नाहीत, कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. खाडीकिनाऱ्यावर उभं राहून तेल माखलेली ती मुळं ज्यानं एकदा बघितली, त्याला तो रांगेत उभ्या काळ्या बोटांचा देखावा विसरता येत नाही.

मग इथं झाडांनी तेल साफ का करू नये? कारण तेल मोडायला जीवाणूंना प्राणवायू लागतो. कुवेतच्या वाळूत हवा खेळती होती, हरळीच्या मातीतही असते. खाडीच्या चिखलात वरचा एक बोटभर थर सोडला तर खाली ती नाही, आणि तेल एकदा खेकड्यांच्या बिळांतून आत उतरलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. जे झाड किनारा राखतं तेच इथं सगळ्यात आधी जखमी होतं आणि आपली जखम त्याला स्वतःला धुता येत नाही. त्यामुळं खारफुटीत तेल शिरूच न देणं, एवढा एकच खरा उपाय आहे.

किनाऱ्यावरून गोळा केलेल्या तेलकट गाळ-वाळूसाठी वेगळी वाट होती. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेत बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल खाणाऱ्या जीवाणूंच्या काही जाती एकत्र करून 'ऑइलझॅपर' तयार केलं होतं. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुसा करून त्यात ते जीवाणू मिसळतात आणि पिशव्या भरून जागेवर नेतात. तेल कंपन्यांच्या कारखान्यांत साचलेल्या गाळावर ते आधीपासून वापरात होतं, रायगडच्या किनाऱ्यावरही योजलं गेलं. मक्याचं कणीस हे वाहन, ही गोष्ट मला फार आवडते. इथंही जीवाणूला एकटं पाठवलेलं नाही. त्याला टेकायला जागा आणि बरोबर एक टोळी दिली आहे.

वर्षभरातच पुन्हा तेच. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'एमव्ही रॅक' हे कोळशाचं जहाज मुंबईजवळ बुडालं. त्यात ६० हजार टनांहून जास्त कोळसा होता, २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल. खटला राष्ट्रीय हरित लवादापुढं चालला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाच्या मालकांना १०० कोटी आणि ज्यांचा कोळसा होता त्या कंपनीला ५ कोटी रुपये पर्यावरणाची भरपाई म्हणून भरायला सांगितलं गेलं. पैशाच्या बाबतीत एवढं स्पष्ट बोलणारा निकाल तोवर आपल्याकडं क्वचितच आला असेल. तरी २०२३ मध्ये उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर पुन्हा कच्चं तेल आलंच.

झाडांनी जमीन बरी करायचं मोठं काम महाराष्ट्रात झालं ते समुद्रापासून लांब, विदर्भात, आणि ते तेलाचं नव्हतं. पण त्याच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील. नागपूरची 'नीरी' ही संस्था १९५८ ची. तिथल्या आशा जुवारकर यांनी मँगनीजच्या खाणींतून बाहेर टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवर काम केलं. नागपूर जिल्ह्यातलं गुमगाव, भंडाऱ्यातलं डोंगरी बुजुर्ग. या ढिगांवर माती अशी नसतेच. दगडाचा चुरा, जड धातू, उन्हात तापलेला उतार, पाणी धरायला काही नाही. वर्षानुवर्षं तिथं काडी उगवत नाही. जुवारकरांनी खड्डे घेतले, त्यात साखर कारखान्यातलं टाकाऊ प्रेसमड घातलं, रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जीवाणू घातले, मुळांना धरून राहणारी बुरशी घातली, आणि मग साग, शिसव, कडुनिंब, बांबू अशी रोपं लावली. आधी खायला, मग शेजारी, मग झाड. या क्रमातच सगळं आलं. ढिगांवर रान उभं राहिलं. उसाच्या पट्ट्यातली घाण आणि खाणीतली घाण एकत्र येऊन माती तयार होते, हे बघायला खरं तर शाळांच्या सहली जायला हव्यात.

दुसरं काम कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड रंगवण्याच्या सांडपाण्यातले रंग झाडांकडून मोडून घेतले. इचलकरंजीच्या पंचक्रोशीत हा प्रश्न दारातलाच. त्यांनी घेतलेली झाडंही दारातलीच. झेंडू, गलांडा, आणि सकाळी फुलतं म्हणून आपण ज्याला ऑफिस टाइम म्हणतो ते. इथं झाडाची स्वतःची विकरं रंगाचे रेणू तोडतात. तेलाच्या बाबतीत तसं कमी होतं. तेलाचे जड रेणू पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ते मुळात शिरतच नाहीत. ते काम मुळाबाहेर, शेजाऱ्यांकडून होतं.

कोणतं झाड लावावं, हा प्रश्न म्हणूनच कोणतं मूळ कोणाला बोलावतं असा विचारावा लागतो. आसाममध्ये तेलाचा इतिहास दिग्बोईपासूनचा, तिथला शुद्धीकरण कारखाना १९०१ चा. तिथल्या संशोधकांनी तेलगाळानं बिघडलेल्या शेतात लव्हाळ्याच्या दोन जाती लावून बघितल्या, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदीनुसार तेल घटलं. त्यातली एक जात म्हणजे आपल्या भातखाचरात बेणून बेणून दमायला लावणारा लव्हाळा, ज्याच्या गाठी नागरमोथा म्हणून विकल्या जातात. पुरात तगणारा म्हणून मराठी माणसाला तो ठाऊक होताच, तेलातही तगतो.

वाळ्याची गोष्ट उलटी आहे, आणि मी ती मुद्दाम सांगते आहे. वाळ्याची मुळं तीन-चार मीटर सरळ खाली जातात. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ भारतात माती धरून ठेवणारं गवत शोधत होते, तेव्हा कर्नाटकातल्या गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांच्या बांधांवर पिढ्यान्पिढ्या लावलेला वाळा त्यांना दिसला. तिथून तो जगभर गेला. त्यामुळं तेलावरही तोच चालेल असं पुष्कळांना वाटलं. व्हेनेझुएलात ५ टक्के कच्चं तेल घातलेल्या मातीत वाळा लावून बघितला आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. वाळा तेलात जगला, पण तेल फारसं कमी झालं नाही. त्याच देशात ब्रॅकिएरिया या चाऱ्याच्या गवतानं मात्र बरं काम केलं. वाळ्याच्या मुळांच्या सुगंधावर आपला जीव आहे. तरी जे काम त्याचं नाही ते त्याच्या नावावर चढवू नये.

हे सगळं मी एका दुपारी मिस्त्रींना सांगितलं, इतकं लांबण न लावता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता इथं काय करायचा?"

जे करता येण्यासारखं होतं ते आम्ही केलं. आधी सांडणं थांबवलं. जुन्या पत्र्याची परात इंजिनाखाली सरकवायची, आणि काळं ऑइल डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यायचं, कारण कायद्यानं तो घातक कचरा आहे. चौकटीला फासायला कोणी मागितलं तरी द्यायचं नाही, हे त्यांना जरा जड गेलं. मग अंगणाचा मागचा तुकडा, जिथं गाडी उभी करत नाहीत, तो कुदळीनं वीतभर खणला. ढेकळं फोडली, कुजलेलं शेणखत आणि थोडा युरिया मिसळला. त्या मातीनं पहिल्या दिवशी पाणी धरलं नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं शिंपडल्यावर ती भिजायला लागली. कडेची हरळी तोडून तिचे ताणे ओळीनं दाबले, मधे लव्हाळ्याच्या गाठी टाकल्या. मिस्त्रींच्या आईनं हे बघून कपाळाला हात लावला. आयुष्यभर खाचरातून उपटून टाकलेला लव्हाळा कोणी आपण होऊन लावेल, हे त्यांना पटेना.

पावसाळाभर गवत वाढलं. मधला एक ठिपका, जिथं पूर्वी ऑइलचा डबा उपडा व्हायचा, तिथं ते आलंच नाही. बाकी जागेवर दिवाळीपर्यंत पाणी मुरायला लागलं. मातीचा वास उतरला. किती तेल गेलं ते नाकानं सांगता येत नाही. त्यासाठी माती प्रयोगशाळेत द्यावी लागते आणि तीही दर काही महिन्यांनी. शिवाय इंजिनाच्या ऑइलमध्ये जस्त असतं, झिजलेल्या भागांचे धातू असतात. त्यांना कोणताही जीवाणू खात नाही. ते मातीतच राहतात किंवा गवतात चढतात.

कार्तिकात मी परत एक ताणा उपटला. या वेळी मूळ लांब आलं, हातभर. बादलीत हलवून धुतलं, पाण्यावर बारीकसा तवंग आला. मूळ पांढरं होतं. मिस्त्रींनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

गोठ्यात त्यांची म्हैस बांधलेली होती. कापलेलं गवत तिच्यापुढं टाकायचं नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, आणि निघताना त्यांच्या आईलाही सांगितलं.